मंदिरामागे ६२ प्लॉट: ग्रामसभेच्या ठरावाने थांबतील का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमचं गाव मराठवाड्यात आहे. गावात केंद्र सरकारने संरक्षित केलेलं जुनं शिवमंदिर आहे, शेजारी पडकी गढी, एक बारव आणि गावात शिरताना वेस. मंदिरापासून साधारण २०० मीटरवर, गावठाणाला लागून असलेल्या ६ एकर शेतात ६२ प्लॉट आणि चार मजली दोन इमारती (३२ फ्लॅट) होणार असा फलक लागला आहे. सरपंच म्हणतात, ग्रामसभेत विरोधाचा ठराव घेतला की काम थांबेल. काही जण सांगतात, परवानगी केव्हाच झाली. दुसरं असं, की मंदिरापासून ७० मीटरवर आमचं आजोबांच्या वेळचं माळवदाचं घर आहे. ते गळतं, म्हणून पाडून दोन मजली बांधायचा विचार आहे. आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर: तुमचे प्रश्न दोन असले तरी दोन्हींची सुरुवात एकाच टेपने होते, म्हणून आधी अंतराचं बोलू.

मंदिर केंद्र-संरक्षित असल्याने १९५८चा प्राचीन स्मारक कायदा आणि त्यातली २०१०ची दुरुस्ती लागू होते. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून सर्व बाजूंनी १०० मीटर म्हणजे प्रतिबंधित क्षेत्र. तिथे नवीन बांधकाम नाही. त्यापुढचे आणखी २०० मीटर म्हणजे विनियमित क्षेत्र. तिथे बांधता येतं, पण पूर्वपरवानगी घेऊन. एकूण ३०० मीटर. आता यातला सगळ्यात जास्त चुकणारा शब्द म्हणजे ‘हद्दीपासून’. लोक गाभाऱ्यापासून मोजतात, शिखरापासून मोजतात, फोनवरच्या नकाशातल्या खुणेपासून मोजतात, नाहीतर सरळ रस्त्याने चालत जाऊन मोजतात. कायद्यातलं अंतर हवाई रेषेत आणि अधिसूचित हद्दीच्या कडेपासून धरायचं असतं. मंदिराच्या भिंतीपासून ही हद्द पूर्वेला ३५ मीटर पुढे असेल, तर भिंतीपासून मोजणाऱ्याच्या नकाशात प्लॉटची एक अख्खी रांग चुकीच्या बाजूला पडते. ही हद्द दाखवणारा नकाशा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयात असतो. महाराष्ट्रात मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर अशी मंडळं आहेत. प्रत मागताना पत्र अधीक्षक पुरातत्त्वविदांच्या नावे द्या. (मंदिर राज्य-संरक्षित असतं तर १९६०चा राज्याचा कायदा आणि पुरातत्त्व संचालनालय, असा वेगळा रस्ता धरावा लागला असता. तुम्ही ‘केंद्र’ लिहिलंय खरं, पण मंदिराजवळचा फलक एकदा नीट वाचून घ्या. बऱ्याच गावांत याच ठिकाणी गल्लत झालेली असते.)

तुम्ही लिहिलेले २०० मीटर हद्दीपासूनचे आहेत असं क्षणभर धरू. म्हणजे गटाचा गावाकडचा १०० मीटरचा पट्टा विनियमित क्षेत्रात येतो. गट साधारण २०० मीटर लांब असेल तर जवळपास निम्मा. इथे बांधकामासाठी अर्ज राज्यातल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली परवानगी देण्यासाठी नेमलेला अधिकारी) जातो. त्यांनी १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने २ महिन्यांत बांधकामाच्या परिणामाबद्दल मत कळवायचं आणि त्यानंतर महिनाभरात सक्षम प्राधिकाऱ्याने मंजुरी किंवा नकार द्यायचा. अर्जातली उंची म्हणजे स्लॅबपर्यंतची नव्हे. कठडा, जिन्याची खोली, पाण्याची टाकी हे सगळं धरून. चार मजली इमारतीत हा फरक सहज चार-पाच मीटरचा होतो आणि मंदिराच्या मागे आकाशात दिसते ती नेमकी टाकीच.

प्लॉट घेणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: विनियमित पट्ट्यातल्या प्लॉटवर उद्या ज्याला घर बांधायचं, त्याला स्वतःची परवानगी स्वतः काढावी लागते. रेखांकन (प्लॉट-रस्त्यांचा आराखडा, म्हणजे लेआउट) मंजूर आहे म्हणून त्यातून सुटका नाही. विनापरवानगी बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गावातल्याच कुणी आगाऊ रक्कम दिली असेल तर हे त्यांना आजच सांगा.

आता ‘परवानगी केव्हाच झाली’ या वाक्याकडे. गावात हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणती परवानगी? एका प्रकल्पाच्या मागे पाच-सहा कागद असतात आणि त्यांतल्या कुठल्याही एकाला ‘परवानगी’ म्हणून दाखवता येतं. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला ही बांधकाम परवानगी नव्हे. वर्तमानपत्रात वकिलाने दिलेली ‘जाहीर नोटीस’ तर फक्त मालकी हक्काबद्दल असते. तिला उत्तर देऊन हरकत नोंदवल्याचं समाधान मानणारे बरेच भेटतात, तो कागद नगर रचनेच्या फायलीत कधी जातच नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरात बदलल्याचं मानलं जातं. त्यासाठी रक्कम भरून घेतलेली सनद हीसुद्धा जमिनीच्या वापराची सनद, बांधकामाची नव्हे.

गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, रेखांकनाला मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि तांत्रिक छाननी नगर रचना विभागाचं शाखा कार्यालय करतं. (गाव एखाद्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येत असेल तर अधिकार त्यांचा, नगरपंचायत असेल तर तिचा.) ही मंजुरी सहसा दोन टप्प्यांत होते. आधी तात्पुरतं रेखांकन मंजूर होतं. मग त्याप्रमाणे जागेवर रस्ते-प्लॉट आखून भूमी अभिलेखकडून मोजणी होते. त्या मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जोडल्यावर अंतिम रेखांकन मंजूर होतं. अंतिम मंजुरीनंतर प्लॉटचे वेगवेगळे सातबारे निघतात, खरेदीखतं होतात आणि मग तुमच्यासमोर एक विकासक उरत नाही, ६२ कुटुंबं उभी राहतात. म्हणून फाईल या दोन टप्प्यांच्या मधे आहे का, हे आधी शोधायचं.

शोधायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं, संकेतस्थळ. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्लॉटची जाहिरात नोंदणीशिवाय करता येत नाही आणि तुमचा गट आहे २४ हजार चौरस मीटरच्या वर. फलकावर महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड आहे का बघा. असेल तर मंजुरीचे कागद आणि रेखांकन घरबसल्या डाऊनलोड होतं. नसेल तर तो फलकच तक्रारीचा विषय आहे, फोटो काढून ठेवा. जोडीला गट क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा नगर रचना कार्यालयातून घ्या. उरलेलं माहिती अधिकारातून. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत हे बंधन आहे आणि ‘सर्व माहिती द्यावी’ असे लांबलचक अर्ज त्यावरच अडकतात. ‘गट क्रमांक अमुकच्या रेखांकन प्रस्तावाची फाईल टिपणीसह पाहण्यास मिळावी व निवडलेल्या पानांच्या प्रती मिळाव्यात’ एवढं पुरतं. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

वर्तमानपत्रात हरकती मागवण्याची नोटीस येईल म्हणून वाट बघू नका. प्रादेशिक योजनेतला झोन बदलायचा असेल तरच महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे सूचना-हरकती मागवल्या जातात. एखाद्या रेखांकनाला परवानगी देताना शेजाऱ्यांना विचारण्याची सक्ती या कायद्यात नाही. नकार मिळाला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, तेही अर्जदारालाच. मंजुरीविरुद्ध गावाला तशी सोय नाही. कलम ५१ नुसार दिलेली परवानगी मागे घेता येते खरी, पण झालेल्या खर्चाची भरपाई द्यावी लागू शकते, म्हणून तिथे कुठलाही अधिकारी सहजी हात घालत नाही. मंजुरी खोट्या किंवा अपुऱ्या माहितीवर घेतली असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

तुमचं खरं काम इथेच आहे. मंजूर किंवा प्रस्तावित नकाशाची प्रत घेऊन जागेवर जायचं आणि नकाशात काय दाखवलेलं *नाही* ते टिपायचं.

पोहोच रस्ता पहिला. नकाशावर ‘९ मीटर रुंद विद्यमान रस्ता’ असं छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात तो वेशीतून जाणारा बोळ असतो. वेशीच्या दोन खांबांमधे टेप धरा, आकडा वाचता येईल असा फोटो काढा. वेस ३ मीटर २० सेंटिमीटर असेल तर वाळूचा हायवा तिथून जाणार नाही आणि अग्निशमनाची गाडीही अडेल. एकदा का काम सुरू झालं की ‘वेस रुंद करा’ ही मागणी विकासक करत नाही, नवीन राहायला आलेले लोक करतात. वेशी अशाच जातात. म्हणून आत्ताच अट मागायची: प्रकल्पाचा प्रवेश आणि बांधकामाची वाहतूक वेशीतून नको, बाहेरच्या रस्त्याने हवी.

मग नाला. गाव नकाशा आणि गटाचा नकाशा शेजारी ठेवून बघा. जुन्या नकाशात दिसणारी ओघळ नव्या रेखांकनात गायब असते किंवा नेमकी मोकळ्या जागेत घातलेली असते. ४ हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तुमच्या ६ एकरांत, म्हणजे २४० गुंठ्यांत, ती होते २४ गुंठे. ते २४ गुंठे कुठे आहेत? नाल्याच्या काठच्या निरुपयोगी पट्टीत ढकलले असतील तर तो मुद्दा लेखी मांडा. तीच जागा मंदिराच्या बाजूला घ्यावी असं सुचवलंत तर ३०० मीटरच्या आतलं बांधकाम आपोआप कमी होतं. विकासकालाही ते परवडतं, कारण त्याच पट्ट्यात त्याची परवानगी सगळ्यात अवघड असते. वाटाघाटीत हाच मुद्दा आधी पुढे करावा असं आमचं मत आहे.

तिसरं, ३०० मीटरची रेषा. ती रेखांकनावर आखलेलीच नसेल तर या मुद्द्याखाली फक्त एवढंच लिहा: भूमी अभिलेख आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांची संयुक्त मोजणी करून रेषा नकाशावर आखल्याशिवाय अंतिम मंजुरी देऊ नये. कुठल्याही अधिकाऱ्याला नाकारायला जड जावी अशी ही मागणी आहे.

पाण्याचा हिशेब मात्र सविस्तर मांडा, कारण ‘पाणी पुरणार नाही’ या वाक्याची किंमत शून्य आणि आकड्यांची भरपूर. ६२ घरं आणि ३२ फ्लॅट मिळून ९४ कुटुंबं, पाच माणसांनी ४७० जण. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने दिवसाला २५,८५० लिटर. पण चार मजली इमारतीत राहणारा माणूस ५५ लिटरवर भागवत नाही. शहरी मापाने, माणशी १३५ लिटरने, आकडा ६३,४५० लिटर होतो. म्हणजे रोज १० हजार लिटरचे सहा टँकर आणले तरी थोडं कमीच पडेल. आता याच्या शेजारी गावच्या योजनेची विहीर उन्हाळ्यात दिवसाला किती पाणी देते ते लिहा. पंपाचे तास आणि टाकीची क्षमता पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला तोंडपाठ असते. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज ५० हजार लिटर. ते कुठे जाणार? ‘शोषखड्डे’ असं उत्तर असेल आणि उतार बारवेकडे असेल, तर बारवेचं पाणी काही वर्षांत वापरातून जाईल. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात नीट जिरवतही नाही, तो भरून वाहतो. सामायिक सांडपाणी प्रक्रिया आणि पर्जन्यजल पुनर्भरण या अटी मागा.

ग्रामसभेचा ठराव घ्यावा की नाही? जरूर घ्या, फक्त त्याने काम थांबेल असं समजू नका. मंजुरीचा अधिकार ग्रामसभेचा नाही. ठराव हा फायलीत जाणारा पुरावा आहे, तेव्हा तो पुराव्यासारखा लिहिलेला हवा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सह्यांचं पुस्तक पूर्ण भरून घ्या आणि इतिवृत्ताची प्रमाणित प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून लगेच मागा. महिनाभराने मागितली तर ‘लिहायचं चाललंय’ असं ऐकावं लागतं. ‘गावाचा या प्रकल्पास तीव्र विरोध आहे’ या ओळीवर कुणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी असं:

*‘गट क्रमांक … मधील प्रस्तावित रेखांकनाचा काही भाग संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून ३०० मीटरच्या आत येतो. रेखांकनावर ही रेषा दर्शविलेली नाही. विद्यमान पोहोच रस्ता वेशीजवळ प्रत्यक्षात … मीटर रुंद आहे (छायाचित्र जोडले आहे). सबब संयुक्त मोजणी होईपर्यंत अंतिम मंजुरी देऊ नये व मंजुरी दिल्यास पुढील अटी घालाव्यात…’*

ठरावाची प्रत आणि हरकतीचं पत्र जिल्हाधिकारी, नगर रचना शाखा, सक्षम प्राधिकारी आणि अधीक्षक पुरातत्त्वविद अशा चौघांना द्या आणि चारही पोचांवर आवक क्रमांक व तारीख घ्या. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर पहिला प्रश्न ‘तुम्हाला कधी कळलं आणि तोपर्यंत काय केलं’ हाच असतो. दुसरा स्लॅब टाकून झाल्यावर जागं झालेल्या गावाला तिथे फारशी सहानुभूती मिळत नाही.

‘बाहेरचे लोक येतील’, ‘गावपण जाईल’ ही वाक्यं पत्रात घालू नका. त्यांना कायद्यात आधार नाही आणि खरं सांगायचं तर ती बरोबरही नाहीत. गावाला घरं लागतातच. १०० मीटरच्या आत अडकलेल्या तुमच्याच शेजाऱ्यांच्या पोरांना लग्नानंतर वेगळी खोली कुठे बांधायची हा प्रश्न आहे. त्याच ग्रामसभेत, स्मारकापासून ३०० मीटरच्या पलीकडे गावठाण विस्ताराचा प्रस्ताव घेतलात तर हरकतीलाही वजन येतं. गाव घरांना नाही म्हणत नाही, जागेला म्हणतं, हे फायलीतच दिसतं.

गढी, बारव आणि वेस केंद्राच्या संरक्षित यादीत नसतील तर १००-२०० मीटरचा नियम त्यांना लागू नाही, हे लक्षात असू द्या. त्यांचे फोटो, मापं आणि गट किंवा मिळकत क्रमांक यांसह यादी ठरावाला जोडा आणि वारसा यादीत समावेशासाठी नगर रचना व राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवा. याला वेळ लागतो, या प्रकल्पापुरता त्याचा उपयोग होईलच असं नाही. आणखी एक: त्या शेताचा काही भाग पांढरीचा (जुन्या वस्तीच्या मातीचा) असेल, नांगराला खापरं लागत असतील, तर तेही लिहा. तेर, जोर्वे, दायमाबाद, इनामगाव इथला इतिहास अशा टेकाडांतूनच वर आला. खोदकामात जुन्या विटा, घडीव दगड, नाणी निघाली तर वस्तू न हलवता शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी कळवा. नाणी-दागिने सापडले तर १८७८च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

राहिलं तुमचं घर. ७० मीटर म्हणजे प्रतिबंधित क्षेत्र, तिथे दुसरा मजला मिळणार नाही. आणि घर पाडू नका, हे आम्ही ठळक अक्षरात लिहिलं असतं तरी चाललं असतं. कायद्यात ‘दुरुस्ती’ आणि ‘पुनर्बांधणी’ हे वेगळे शब्द आहेत. प्रतिबंधित क्षेत्रात परवानगी मिळते ती फक्त दुरुस्ती-नूतनीकरणाला, तीही घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेलं असेल तर. दुरुस्तीच्या नावाखाली सगळ्या भिंती उतरवल्या की नवं उभारणं ही पुनर्बांधणी ठरते आणि तुमच्या हातात फक्त मोकळी जागा राहते.

घराचं वय सिद्ध करायला १९९२ आधीचा घरपट्टीचा नमुना ८, जुनं वीजबिल, मिळकत पत्रिका असेल तर ती, असे दोन-तीन कागद जमवा. मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करा: घराची आजची लांबी, रुंदी, उंची, चारही बाजूंचे फोटो, स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा नकाशा, आणि ‘माळवद बदलणे’ असं मोघम न लिहिता कोणत्या खणातल्या किती तुळया बदलणार, किती भिंतीचा गिलावा करणार, हे. परवानगी हातात आली की एका वेळी एकच खण उघडा, तो बंद करून मगच पुढचा. यात घर उभं राहतं आणि तक्रार झालीच तर रोजच्या फोटोंतून दाखवताही येतं. गळती नुसत्या पन्हाळीपाशी असेल तर आधी वरची माती खरवडून उतार तपासा. जुन्या माळवदांवर वर्षानुवर्षं माती चढत जाते, उतार पन्हाळीच्या उलट होतो आणि पाणी भिंतीत मुरतं. नवी माती टाकायची तर तेवढीच जुनी आधी उतरवायची, नाहीतर तुळयांवरचं ओझं वाढतं.